वज्रपाणीचं उखळ

ताई-ची शिकायला चीनला गेले आणि पहिल्याच आठवड्यात माझा पोपट झाला. सकाळचं ट्रेनिंग संपत आलेलं, मांड्या लटलट कापत होत्या, आणि अंगणाच्या पलीकडून शिफूंनी, म्हणजे गुरूंनी, बायकोला ओरडून काहीतरी सांगितलं. त्यातलं मला 'न्ये ज्याओझ' एवढंच कळलं. न्ये म्हणजे चिमटीत धरून आकार देणं आणि ज्याओझ म्हणजे ते मोमोंचे चुलतभाऊ. चिनी भाषेचं माझं तेव्हाचं भांडवल दीडेकशे शब्द, त्यातले निम्मे खाण्याचे, त्यामुळे हे दोन्ही येत होते. म्हटलं चला, आज ज्याओझ वळायचेत, मदतीला बोलावतायत. धावत खोलीवर गेले, हातबीत धुतले, वाटी घेऊन परत आले तर अख्खं अंगण माझ्याकडे बघतंय.

शिफू म्हणाले होते 'न्ये ज्याझ'. ज्याझ म्हणजे चौकट, शरीराची ठेवण. या पोरीची ठेवण जरा नीट कर, एवढंच ते सांगत होते. शिनियांग म्हणजे गुरूंची बायको, आपल्याकडे असत्या तर मी काकूच म्हटलं असतं, हसत हसत आल्या, माझ्या हातातली वाटी घेऊन खिडकीत ठेवली, आणि दोन बोटं माझ्या जांघेच्या घडीत रोवून म्हणाल्या, "ख्वा." मग दुसऱ्या हाताने कंबर खाली दाबली. पुढचे पंधरा सेकंद मी कुठले कुठले देव आठवले ते सांगत नाही.

ख्वा म्हणजे खुबा. शप्पथ. भाषाशास्त्रवाल्यांनी लगेच अंगावर येऊ नका, योगायोगच असणार, पण त्या वर्षात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला गेलेला शब्द आपल्या शब्दाच्या इतका जवळ निघावा याची मला तेव्हा फार सोबत वाटली.

गावाचं नाव चेनजियागौ. चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, वेन तालुक्यात. जंगझौ शहरातून नदी ओलांडून तास-दीड तासात पोचतो. गौ म्हणजे घळ, म्हणून चेन घराण्याची घळ. डोंगर नाही, धबधबा नाही, धुकं असलंच तर ते धुराचं. फोटो बघून सगळ्यात आधी आई म्हणाली, "अगं हे तर आपल्या बार्शीकडचं दिसतंय." सपाट शेतं, गहू, मका आणि कोनफळाच्या जातीतला एक लांबलचक कंद जो तिथे औषध म्हणून पण खातात आणि भाजी म्हणून पण. २०१८च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा मक्याची कणसं सोलून रस्ताभर वाळत घातली होती, आमच्या ट्रेनिंगच्या अंगणातसुद्धा अर्ध्या भागात मका, त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस आम्ही उरलेल्या अर्ध्यात एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावत शिकलो.

ज्याला आपण ताई-ची म्हणतो, बागेत म्हातारी माणसं स्लो मोशनमध्ये करतात ते, त्याचं हे माहेर. सतराव्या शतकात, मिंग राजवट बुडाली त्या सुमारास, चेन वांगतिंग नावाच्या योद्ध्याने इथे ही विद्या बांधली असं गाव मानतं. वुडांगच्या डोंगरावरच्या झांग सानफेंग नावाच्या साधूला मूळपुरुष मानणारेही भरपूर आहेत, पण चेनजियागौत बसून तो वाद काढायचा नसतो, जेवण मिळायचं बंद होईल. पुढे कित्येक पिढ्या ही विद्या घराण्याच्या आतच राहिली. आणि मग येतो यांग लुचान.

या यांगबद्दल जरा थांबून सांगते कारण मी तिथे का गेले याचं खरं उत्तर त्याच्यात आहे. १७९९चा जन्म, शेजारच्या हेबेई प्रांतातला गरीब माणूस. गावात सांगतात की तो इथे नोकर म्हणून आला आणि चेन चांगशिंग हे त्या वेळचे मोठे गुरू रात्री घरच्या पोरांना शिकवायचे ते लपून बघून शिकला, एक दिवस पकडला गेला, करून दाखव म्हटल्यावर घरच्या पोरांपेक्षा बरं करून दाखवलं आणि गुरूंनी त्याला शिष्य केलं. अठरा वर्षं लागली म्हणे. भिंतीआडून बघण्याचा भाग दंतकथा असेल, पण चेन चांगशिंगनी बाहेरच्या माणसाला शिकवलं हे खरं. तो पुढे बीजिंगला गेला, मोठं नाव कमावलं, आणि जगभरच्या बागांमध्ये आज जे हळूहळू चालतं त्यातलं बरंचसं त्याच्या शाखेतून आलेलं आहे. तो जिथे शिकला ती जागा गावात जपून ठेवलीय.

आता माझं सांगते. आमचे आबा कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत राहिलेले. राहिलेले म्हणजे राहिलेले, पहाटे चारला उठून जोर-बैठका, हौद्यातली माती खणायची, वस्तादाची बोलणी, खुराक, दुपारची झोप, परत संध्याकाळी लढती. माझ्या लहानपणी ते रोज एकदा तालमीत चक्कर मारायचे आणि मी दुधाची किटली घेऊन मागे. दारापर्यंत. बायकांनी आत यायचं नाही. सात-आठ वर्षांची पोर म्हणजे काय बाई झाली का, पण नाही म्हणजे नाही. मग मी उंबऱ्याबाहेर बसून बघायचे, आत तांबडी माती, तेलाचा वास, आणि एखादा पैलवान दुसऱ्याची मान धरून गप उभा, कोणी हलत नाही आणि तरी आत काहीतरी चाललंय हे दिसतंय. त्या आतल्या चाललेल्याचं मला वेड होतं. नोकरीला लागल्यावर पुण्यात वीकेंडचा ताई-चीचा क्लास लावला, दोन वर्षं केला, युट्यूब बघितलं, आणि पस्तिशी जवळ आल्यावर तीन वर्षांची शिल्लक घेऊन निघाले. सगळ्यांना सांगताना ब्रेक घेतेय असं सांगितलं. चेनजियागौतही, घराण्याच्या जुन्या नियमात विद्या मुलग्यांना द्यायची, मुलींना नाही, कारण त्या लग्न होऊन दुसऱ्या घरी घेऊन जातात. आता ते राहिलं नाही. मी ज्यांच्याकडे होते तिथे तर नवशिक्यांना घडवायचं काम शिनियांगच करायच्या, शिफू लांबून फक्त ओरडायचे.

दिवस असा असायचा: साडेपाचला उठून उभं राहायचं. बस, उभं राहायचं. गुडघे किंचित वाकलेले, हात पोटाच्या समोर झाड कवटाळल्यासारखे, अर्धा तास. ऐकायला काहीच नाही ना? करून बघा, दहाव्या मिनिटाला खांदे रडतात. मग नाश्ता, मांथौ म्हणजे बिनचवीचा उकडलेला पाव आणि हूलाथांग नावाचं मिऱ्याचं झणझणीत दाट सूप, जे मला कोल्हापूरचीच कुठली तरी हरवलेली बहीण वाटायचं. साडेआठ ते अकरा ट्रेनिंग, मग जेवून झोप (ही दुपारची झोप तिथे धर्मासारखी पाळतात, आवडलं मला), तीन ते साडेपाच परत, रात्री जेवणानंतर जोडीने हात भिडवून ढकलाढकलीचा सराव. रविवार अर्धा मोकळा, कपडे धुण्यात जायचा.

मूळ क्रम ७४ की ७५ हालचालींचा, मोजणाऱ्यावर अवलंबून. पैकी पहिली खरी हालचाल चिनगांग दाओदुइ. हात गोल फिरत येतात, उजवा गुडघा आणि उजवी मूठ वर, आणि मग पाय धप्पकन जमिनीवर आणि मूठ डाव्या तळव्यात. दाओदुइ म्हणजे उखळात कांडणं. आणि चिनगांग म्हणजे वज्र, इथे वज्रधारी, बुद्धाचा रक्षक. म्हणजे आपला वज्रपाणी! अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात ज्याच्यासमोर शाळेच्या ट्रिपला आम्हाला बाईंनी रांगेत उभं केलं होतं तो. तो कधीतरी भिक्षूंच्या पाठोपाठ इथवर आला आणि या लोकांनी त्याच्या हातात मुसळ देऊन कांडायला बसवलं. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसत बसले. मी तिथे जवळजवळ तीन महिने मुख्यतः कांडतच होते. पुढच्या हालचाली येत नव्हत्या असं नाही, पुण्यात सगळा क्रम शिकले होते, व्हिडिओसुद्धा होता. तो शिनियांगना मी मोठ्या उत्साहाने दाखवला होता. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "बु जोंग." हेनानच्या बोलीत जोंग म्हणजे चालेल, बेस. बु जोंग म्हणजे नाही चालायचं. तेवढंच. पुढे काही सांगणं नाही, समजावणं नाही, आपल्याकडच्या क्लाससारखं 'छान प्रयत्न, फक्त एक छोटीशी गोष्ट' वगैरे तर अजिबात नाही.

तर हे न्ये ज्याझ. तुम्ही कुठल्यातरी स्थितीत थांबता, अर्ध्या वाटेत. त्या येतात. आधी नुसतं बघतात, जसं बाजारात वांगं बघतात. मग दोन बोटं. खुब्याची घडी आत, शेपटीचं हाड खाली, कोपर दाबून, खांद्यावर चापट, हनुवटीला एक टिचकी. प्रत्येक ठिकाणी फार तर सुतभर बदल. पण तो सगळा सुतभर एकत्र झाला की अचानक शरीराचं सगळं वजन मांडीत उतरतं आणि पाय शिलाई मशीनसारखा धडधडायला लागतो. आणि त्याच क्षणी, हे सांगायला मला धड शब्द सापडत नाहीत, पाठ मोकळी होते. खांद्यावर काहीतरी ओझं होतं हे ते उतरल्यावर कळतं. वीस सेकंद. मग तुम्ही कोसळता. त्या म्हणतात, "परत."

आणि दुसऱ्या दिवशी ते गेलेलं असतं! हेच मला सगळ्यात जास्त छळायचं. सोमवारी सकाळी खुबा जागेवर, मंगळवारी उठलं की परत पुण्याच्या ऑफिसच्या खुर्चीत बसणारी मी. त्या परत तिथेच बोटं रोवणार. बुधवारी परत. पहिला महिना मला वाटायचं मी ढ आहे, मग बघितलं की सगळ्यांचंच तसं होतं, सोळा-सतरा वर्षांच्या गावातल्या पोरांचंसुद्धा. लोक विचारतात की वर्षभर तिथे राहायची काय गरज, दोन आठवड्यांच्या वर्कशॉपमध्ये होत नाही का. अहो होतं ना, वहीत उतरवून घ्यायचं सगळं होतं, माझ्याकडे तशा वह्या आहेत. पण अंगाने विसरायचं आणि कोणीतरी परत आठवण करून द्यायची हे रोज लागतं, आणि ते करणारा माणूस सकाळी दात घासताना पण तुम्हाला दिसायला लागतो. शिनियांग मला भांडी घासताना बघून मागून खांदा खाली दाबून जायच्या. मला वाटतं तालमीत पैलवान ठेवून घेतात तेही याचसाठी, दूध-बदाम घरीही पिता येतं.

गावात एक म्हण आहे की क्रम दहा हजार वेळा केला की मर्म आपोआप दिसतं. मी इंजिनिअर, हिशोब केला: दिवसाला दहा वेळा म्हटलं तरी पावणेतीन वर्षं. माझे रोजचे फार तर पाच होत. म्हणजे वर्षअखेर दोन हजारही नाहीत. शिफूंना हा हिशोब सांगितला तर ते म्हणाले, "मोजायला वेळ आहे म्हणजे उभं राहायलाही असेल."

थंडीचं सांगायलाच हवं. तिथे हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे गट मोजतात, तिसरा नऊ सगळ्यात कडक, आणि सराव त्या तिसऱ्या नऊत चुकवायचा नाही अशी म्हणच आहे. आमचा तो ९ ते १७ जानेवारीला आला, मध्येच संक्रांत येऊन गेली, तिळगूळ नव्हता तर मी भाजलेले शेंगदाणे वाटले. खोलीत हीटर नाही, विजेची गादी होती. सकाळी उणे पाच-सहा. वाळत घातलेले मोजे पाटीसारखे ताठ. आणि विनोद असा की त्या थंडीत उभं राहून पंधराव्या मिनिटाला तळहातांतून वाफ यायची, शब्दशः, अंगणातल्या दिव्याखाली दिसायची.

त्याच्या आधी, २२ डिसेंबरला, त्या सगळ्यात लहान दिवशी तिथे ज्याओझ खातात, नाही खाल्ले तर थंडीने कान गळून पडतात म्हणे. झांग जोंगजिंग नावाचे एक प्राचीन वैद्य होते, तेही हेनानचेच, त्यांनी म्हणे गारठलेल्या लोकांना कानाच्या आकाराचे ज्याओझ खाऊ घातले होते, तेव्हापासूनची प्रथा. त्या दिवशी मला खरंच मदतीला बोलावलं. पोलपाटापेक्षा लहान लाटणं, सरसर लाटलेल्या पाऱ्या, बडीशेपेच्या पाल्याचं आणि डुकराच्या मांसाचं सारण. मी एक पारी घेतली आणि हात आपोआप जे करतात ते करायला लागले, कडेने चिमटे घेत कळ्या पाडल्या, वर गोळा करून टोक. आजीने शिकवलेल्या अकरा कळ्या. शिनियांगनी हातातला उचलून विजेच्या दिव्यापुढे फिरवला. मग म्हणाल्या, हे कोणी शिकवलं? म्हटलं आजीने, आमच्याकडे देवाला करतात. किती दिवस लागले? मी विचार केला, खरं म्हणजे दरवर्षी चतुर्थीला एकच दिवस, पण पाच वर्षांची असल्यापासून, आणि दरवर्षी आजी माझ्या बोटांवर बोटं ठेवून परत दाखवायची कारण मी दरवर्षी विसरलेली असायचे. हे चिनीत सांगता सांगता मी मध्येच थांबले. त्यांनी काही म्हटलं नाही, पुढची पारी माझ्याकडे सरकवली. माझे ज्याओझ उकळत्या पाण्यात सगळे फुटले, ते वेगळं.

आता लाजिरवाणं प्रकरण. मार्चमध्ये मी गुडघा घालवला. चूक संपूर्ण माझी. आमच्यात एक चौदा वर्षांचं पोरगं होतं जे इतकं खाली जायचं की मांडी जमिनीला समांतर, आणि मला तेवढं जायचं होतं. शिनियांगनी दोनदा सांगितलं वर ये, वर ये. त्या गावाला गेल्या होत्या त्या दोन दिवसांत मी खाली गेले. गुडघा आत कलंडला, कट्कन आवाज आला, संध्याकाळी टरारून नारळाएवढा. सहा आठवडे. त्या परत आल्यावर रागवल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट, एक प्लास्टिकचं स्टूल आणून अंगणाच्या कडेला ठेवलं. बस आणि बघ. फार तर बसल्या बसल्या एका हाताने रेशीम गुंडाळायचा व्यायाम, कोषातून धागा ओढावा तसा हात फिरवायचा, झटका दिला तर तुटेल, थांबलात तर गुंता. परत आले का उंबऱ्याबाहेर! पहिले काही दिवस मी रडत बसले, खोटं कशाला सांगू. मग बघायला लागले, आणि दोनेक आठवड्यांनी मला दिसायला लागलं की शिफूंचा हात हलायच्या कितीतरी आधी त्यांचा खुबा फिरलेला असतो. पाच महिने समोर होतं हे. एप्रिलच्या शेवटी उठले तेव्हा उंच उभी राहिले, गावातल्या सत्तरीच्या आज्ज्यांच्या उंचीवर, आणि पहिल्यांदा कांडताना शिफू लांबून "जोंग" म्हणाले. मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणाले. दुसऱ्यालाच म्हणाले असतील, विचारायची हिंमत झाली नाही.

या विद्येबद्दल आपल्याकडे जे काही गूढ पसरवलेलं असतं ना, डोंगरावरचा मठ, मौन, सफेद दाढी, त्याचा मला आता कंटाळा येतो. एकदा आम्ही बसने डेंगफेंगला गेलो, शाओलिनच्या पायथ्याशी. तिथल्या निवासी शाळांच्या मैदानांवर हजारो मुलं, लाल-निळे ट्रॅकसूट, एका शिट्टीवर एक लाथ. त्यातल्या फार थोड्यांना मुक्तीबिक्ती हवी असते. सैन्य, पोलीस, बॉडीगार्ड, सिनेमातले स्टंट, पीटीचा मास्तर, यातलं काहीतरी व्हावं म्हणून आईबापांनी पाठवलेली. आमच्या इथलं ते चौदा वर्षांचं पोरगंही तसंच, आईवडील दक्षिणेत फॅक्टरीत. त्याने मला एकदा विचारलं, तुला ऑफिसची नोकरी होती? एसी? मग ती सोडून इथे? त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जी खरीखुरी काळजी होती ती मी विसरणार नाही. आम्ही परदेशी लोक जे शोधायला येतो त्यातून बाहेर पडायला ही मुलं तेच करत असतात, आणि मला यावर काही शहाणपणाचं बोलता येत नाही.

ही विद्या गावातून जवळजवळ गेलीच होती हेही तिथे गेल्यावर कळलं. १९२०च्या दशकाअखेर चांगले गुरू बीजिंगला गेले, मग युद्धं, दुष्काळ. चेन झाओपी म्हणून होते, ते १९५८मध्ये उतारवयात नोकरी सोडून गावी परतले, बघतात तर शिकवणारं कोणी नाही. मग स्वतःच्या घरी पोरं गोळा करून शिकवायला लागले, सांस्कृतिक क्रांतीत त्याबद्दल छळ सोसला, आणि १९७२मध्ये गेले. आज जगभर फिरणारे चेन घराण्याचे मोठे मास्तर म्हणजे त्यांनी शिकवलेली ती पोरं. शिफू हे सांगताना कधी आवाज चढवत नसत, पण त्यांच्या नावाशी आलं की सिगरेट विझवायचे.

इंडियावाली म्हणून माझे लाड पण झाले. दुकानदार 'मी शू' म्हणून हाक मारायचा, म्हणजे आमिर खान, त्याचा कुस्तीवरचा सिनेमा तिथे तुफान चालला होता. मी म्हटलं माझे आजोबा कुस्ती खेळायचे, तेव्हापासून सुट्ट्या पैशांच्या जागी गोळ्या न देता खरे पैसे द्यायला लागला. शिफूंच्या वडिलांना मात्र आमिरशी देणंघेणं नव्हतं, त्यांचा माणूस श्वेनझांग, आपला ह्युएनत्संग, नदीपलीकडच्या लुओयांगजवळचा. त्यांना मी सांगितलं की तो आमच्या महाराष्ट्रातही आला होता, पुलकेशीच्या काळात, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेलाय. म्हातारबुवा खूश. म्हणाले, मग तर तुम्ही हेनानचेच.

जूनमध्ये गहू कापला गेला, ऑगस्टात उकाड्याचे सगळ्यात वाईट दिवस संपता संपता मी निघाले. निरोप असा काही झालाच नाही, शिनियांगनी बसस्टॉपवर पिशवीत उकडलेली अंडी दिली आणि माझी बॅग उचलतानाची पाठ बघून पाठीवर एक चापट. चतुर्थीला घरी होते.

आता पुण्यात गच्चीवर करते, पाण्याच्या टाकीशेजारी. डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोने ताईजीचवान, म्हणजे ताई-चीच, वारसा यादीत घेतल्याची बातमी आली, तेव्हा बाहेर कोरोना, मास्क लावून गच्चीवर गेले, बऱ्याच दिवसांनी सगळा क्रम नीट केला, भावाच्या पोराला फोन धरायला लावून व्हिडिओ काढला आणि शिनियांगना पाठवला. सोबत लांबलचक मेसेज, अभिनंदन, तब्येत, आठवण येते, गुडघा बरा आहे, आबांचा फोटो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. व्हॉइस मेसेज, दोन सेकंदांचा. मागे कोंबडा ओरडत होता.

"ख्वा."